काठ दगडी करण्याआधी : ग्रामसभेस एक खुले पत्र

प्रति,
मा. सरपंचताई, उपसरपंच, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य, मच्छीमार सहकारी संस्थेचे पदाधिकारी आणि ग्रामसभेला येणारे सर्व गावकरी यांस,

सविनय नमस्कार.

येत्या ग्रामसभेपुढे गावतलावाच्या सुशोभीकरणाचा ठराव येणार असल्याचे ग्रामपंचायतीच्या फलकावर वाचले. तलावाच्या चारही अंगांनी दगडी पिचिंग करून सांध्यांत सिमेंट भरायचे, पाळीवर पेव्हर ब्लॉक आणि बाक बसवायचे, काठावरचे सगळे गवत-झुडूप काढून टाकायचे, उन्हाळ्यात गाळ उपसायचा आणि पावसाळाभर दर पंधरवड्याला पाण्यात डासनाशक टाकायचे, असे त्या ठरावाचे स्वरूप आहे. गाळ उपसण्याला, बाकांना किंवा पाळीवरच्या रस्त्याला माझा विरोध नाही. संध्याकाळी त्या बाकावर बसणाऱ्यांत मीही असेन. माझे म्हणणे दोनच गोष्टींपुरते आहे. शाळेच्या कुंपणापासून धोबीघाटापर्यंतचा पश्चिमेकडचा उथळ काठ, जो माझ्या पावलांनी सुमारे दोनशे पावले भरतो, तो आहे तसा कच्चा राहू द्यावा, आणि तलावाच्या पाण्यात औषध किंवा जळके ऑइल टाकू नये. या दोन्ही मागण्यांमागे एक किडा आहे. किड्यासाठी हा माणूस गावाचे काम अडवतो म्हणून हसण्याआधी त्या किड्याची हकिगत पूर्ण ऐकून घ्यावी, एवढी विनंती.

डासांची बाजू घेणारा मी माणूस नव्हे. मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे आणि गेली एकोणीस वर्षे माझे निम्मे काम हिवतापाच्या रक्तपट्ट्या तपासण्याचे आहे. पावसाळा सुरू झाला की सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींत फॅल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीच्या त्या बारीक अंगठ्या दिसू लागतात, आणि पट्टीवर लिहिलेले नाव कधी शेजारच्या घरातले असते, तर कधी ज्याच्या लग्नात मी जेवलो त्याच्या लेकराचे असते. डासांचा बंदोबस्त व्हावा असे या गावात कोणाला मनापासून वाटत असेल तर त्यांत माझा क्रमांक वरचा लागेल.

तो किडा म्हणजे चतुर. आपल्या गावातली पोरे त्याला हेलिकॉप्टर म्हणतात, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी त्याच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवले आहे. (मीही बांधला आहे; आता पुतणीला बांधू देत नाही, म्हणून ती माझ्यावर रागावलेली असते.) तलावावर चतुरांच्या अनेक जाती दिसतात, पण ज्याच्याविषयी मी लिहितो आहे तो सर्वांच्या नजरेत भरणारा लालभडक चतुर, शास्त्रीय नाव क्रोकोथेमिस सर्व्हिलिया. तो बसताना पंख मिटत नाही, आडवे पसरून बसतो. काठीसारख्या बारीक अंगाच्या, बसताना बहुधा पंख पाठीशी मिटून घेणाऱ्या ज्या निळ्या-पिवळ्या चिमुकल्या दिसतात त्या टाचण्या. त्या चतुराच्या चुलतघरच्या. पोळ्याच्या सुमारास धानाच्या बांध्यांवर उघडिपीत शेकडोंच्या थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर चतुर मात्र निराळा, त्याचे नाव पँटाला फ्लेव्हेसेन्स. तो मोसमी वाऱ्यांबरोबर फिरणारा भटक्या आहे, पावसाच्या डबक्यात सहा-सात आठवड्यांत वाढून मोकळा होतो. भारतावरून निघालेले हे चतुर मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत, असे अनुमान चार्ल्स अँडरसन या मालदीवमध्ये राहणाऱ्या सागरी जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडले. त्या भटक्याला आपल्या ठरावाने फारसा फरक पडणार नाही. लाल चतुर मात्र आपल्या तलावाचा कायमचा रहिवासी आहे, आणि ठरावाची झळ त्याला बसणार आहे.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत मलाही चतुर म्हणजे उडणारा किडा एवढेच ठाऊक होते. त्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या पहाटे, वीज गेल्यामुळे झोप मोडली म्हणून, मी बॅटरी घेऊन पश्चिम काठावर गेलो. पाण्यातून वर आलेल्या देवधानाच्या, म्हणजे रानभाताच्या, एका काडीवर, पाण्यापासून वीतभर उंचीवर, चिखलाच्या रंगाचा एक सहा पायांचा किडा काडीला घट्ट कवळून बसला होता. मला तो मेलेला वाटला. मग त्याची पाठ मधोमध उकलली आणि त्या फटीतून फिकट हिरवट, ओलसर असे काहीतरी फुगून वर येऊ लागले. आधी छाती, मग दोन मोठे डोळे असलेले डोके, मग पाय. आणि एवढे बाहेर आल्यावर तो जीव डोके खाली करून, उलटा लोंबकळत, अर्धा तास तसाच राहिला. पाय कडक होईपर्यंत तो थांबतो, हे मला नंतर वाचून कळले. त्यानंतर एका झटक्यात तो वर वळला, स्वतःच्याच रिकाम्या कातीचे डोके पायांनी पकडले आणि शेपटीचा भाग ओढून काढला. खांद्यांवर पंखांच्या जागी चार चुरगळलेल्या पुड्या होत्या. अंगातला द्रव त्यांच्या शिरांत भरत गेला तशा त्या माझ्या डोळ्यांदेखत उलगडत, लांबत गेल्या आणि दुधी काचेसारख्या झाल्या. उजाडता उजाडता पंख आडवे पसरले, त्यांत एक थरथर आली आणि तो डळमळत शाळेमागच्या तुरीकडे उडून गेला. काडीवर राहिली ती कात, पाठीवर चीर पडलेली आणि त्या चिरेतून पांढरे धागे बाहेर आलेली. ते धागे म्हणजे त्याच्या श्वासनलिकांची जुनी अस्तरे असतात.

त्या सकाळी उजाडल्यावर मी काठाने चालत गेलो तेव्हा देवधानाच्या, लव्हाळ्याच्या आणि कमळाच्या देठांवर तशा काती जागोजागी दिसल्या. इतकी वर्षे त्या तेथेच होत्या. मी पाहिल्या नव्हत्या. तेव्हापासून भाद्रपद आणि आश्विन या दोन महिन्यांत पहाटे जमेल तेव्हा मी आणि माझी पुतणी तिकडे जातो, आणि पूर्वेकडच्या घाटाच्या दगडांवर एखाददुसरी, तर पश्चिम काठावर टोपलीभर काती मिळतात.

पण हे चतुराच्या आयुष्यातले शेवटचे प्रकरण झाले. त्याचे बहुतेक आयुष्य पाण्याखाली जाते आणि आपल्या ठरावाचा संबंध मुख्यतः त्या भागाशी आहे. मादी पाण्यावर तरंगत तरंगत शेपटीचे टोक पुन्हा पुन्हा पाण्याला टेकवते, आणि प्रत्येक टेकणीला काही अंडी सोडते. अशी शेकडो अंडी एका मादीची होतात. उबदार पाण्यात आठवडा-दीड आठवड्यात ती फुटतात. बाहेर पडणारी अळी फुलपाखराच्या सुरवंटासारखी नसते आणि तिला कोशाची अवस्थाही नसते. ती पहिल्यापासून सहा पायांची शिकारी असते, दहा-बारा वेळा कात टाकत मोठी होते, आणि वाढता वाढता तिच्या पाठीवर पंखांचे कोंब दिसू लागतात. हे किती दिवस चालते ते पाण्याच्या उबेवर आणि मिळणाऱ्या अन्नावर ठरते, पण महिने जातात. एवढा काळ ती पाण्यातल्या गवताच्या मुळांत, कुजक्या पाल्यात आणि मऊ चिखलात लपून बसते. तिच्या अंगावर बारीक केस असतात, त्यांना चिखल चिकटतो आणि ती दिसेनाशी होते. श्वास ती शेपटीच्या आतल्या कल्ल्यांनी घेते, म्हणजे मागच्या बाजूने पाणी आत घेते आणि बाहेर सोडते. धोका दिसला की तेच पाणी जोराने मागे फेकून बाणासारखी पुढे सुटते. जेट विमानाचे तत्त्व ते हेच, असे पुतणीला सांगितले तेव्हा तिचा राग थोडा निवळला.

एक अळी मी घरी आणून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली होती. बरणीत तलावाचे पाणी, तळाला दोन बोटे चिखल आणि एक काडी. कूलरच्या टाकीतून डासांच्या वळवळणाऱ्या अळ्या चमच्याने काढून तिच्यापुढे सोडल्या. ती हलली नाही. एक अळी तिच्या तोंडापासून अर्ध्या बोटावर आली आणि दुसऱ्या क्षणी नव्हती. दहा-बारा वेळा पाहूनही मधले काही दिसेना, म्हणून मी मोबाईलवर हळू गतीचे चित्रण केले तेव्हा उलगडा झाला. तिचा खालचा ओठ लांब, कोपरात मोडल्यासारखा दुमडून हनुवटीखाली ठेवलेला असतो, त्याच्या टोकाला दोन आकडे असतात, आणि शरीरातल्या द्रवाच्या दाबाने तो हातासारखा पुढे फेकला जाऊन सावज पकडून परत येतो, हे सगळे पापणी लवायच्याही आत. त्या एका अळीने तेवढ्या रात्रीत बरणीतल्या सगळ्या अळ्या संपवल्या. ही काही प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, हे मी जाणतो.

आता डासांविषयी, कारण ठरावाचे समर्थन त्यावरच उभे आहे. डास म्हणजे एकच प्रकार असे धरून आपण बोलतो, तेथेच घोटाळा होतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस तलावात अंडी घालत नाही. त्याला आपल्या घरातले स्वच्छ साठवलेले पाणी लागते, म्हणजे रांजण, टाके, पडलेले टायर, नारळाची करवंटी आणि उन्हाळा संपल्यावर न सुकवता ठेवलेली कूलरची टाकी. क्युलेक्स हा नाल्यांच्या घाण पाण्यातला. राहिला हिवतापाचा ॲनोफिलिस. तो स्वच्छ, संथ पाण्यात वाढतो, आणि धानाच्या बांध्या, ओढ्याची डबकी, पाझराचे पाणी तसेच तलावाचा गवताळ काठही त्याला चालतो, हे मी लपवणार नाही. परंतु ज्या गवताळ काठावर त्याच्या अळ्या सापडतात त्याच काठावर चतुराच्या आणि टाचणीच्या अळ्या, पाणविंचू, पाणढेकूण आणि लहान मासेही असतात आणि ते सगळे त्याच्यावर टपलेले असतात. पाण्यात औषध टाकले की हे सगळे एका वेळी कमी होतात. त्यांतला डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पंखापर्यंत जातो आणि तो पुन्हा सर्वांत आधी भरतो. चतुराला मात्र परत यायला महिने लागतात. दर पंधरवड्याला औषध टाकायचे ठरवणे म्हणजे चतुराची एकही पिढी पुरी होऊ न देण्याची व्यवस्था करणे होय.

याविषयी दूरचा पण आपल्याला जवळचा वाटावा असा एक दाखला आहे. म्यानमारमधील यांगून शहरात घरोघरी पाणी साठवण्याच्या भांड्यांत चतुराच्या अर्धवट वाढलेल्या अळ्या लोकांच्याच मदतीने सोडण्यात आल्या आणि काही आठवड्यांत त्या भांड्यांतील एडिसच्या अळ्या झपाट्याने घटल्या. हे काम १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी निवडलेली जात क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, म्हणजे आपल्या पश्चिम काठावरचाच लाल चतुर. उद्यापासून प्रत्येकाने गुंडात चतुराची अळी सोडावी असे मी सुचवत नाही. घरच्या भांड्यांना झाकण आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस हेच सोपे आणि खात्रीचे. चतुर आला की हिवताप गेला, असेही मी म्हणत नाही. मच्छरदाणी आणि ताप येताच रक्त तपासणे यांना पर्याय नाही. तलावात जे काम फुकट चालले आहे ते पैसे खर्चून बंद पाडू नये, इतकेच.

पंख आल्यावरही त्याचे खाणे तेच राहते, फक्त शिकारीचे मैदान बदलते. कात टाकल्यावर काही दिवस तो पाण्याकडे फिरकत नाही. शेताच्या धुऱ्यावर, तुरीच्या ओळीत, झुडपांत राहून अंग भरतो. या काळात नर आणि मादी दोघेही पिवळसर असतात. नर पुढे लाल होतो, आणि तो कसा होतो याचा शोध जपानमधील अभ्यासकांनी २०१२ मध्ये लावला: अंगातले रंगद्रव्य तेच राहते, त्याचे रासायनिक रूप बदलते. पिवळ्या चतुराला क जीवनसत्त्व टोचले तेव्हा तोही लाल झाला. लाल झालेला नर मग तलावावर येऊन एखादी काडी आपली म्हणून धरतो, दुसरा नर आला की त्याला हुसकावतो आणि पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतो. काडीवरून झेप, हवेतल्या हवेत सावज, आणि परत काडी, असे दिवसभर चालते. त्याचे चारही पंख स्वतंत्रपणे हलतात, म्हणून तो जागच्या जागी थांबू शकतो आणि मागेही सरकू शकतो. मोठ्या जातीच्या चतुरांच्या एकेका डोळ्यात तीस हजारांच्या घरात नेत्रिका, म्हणजे बारीक बारीक भिंगांचे डोळे, असतात, आणि झेप घेतल्यावर सावज हाती लागण्याचे त्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक भरल्याची मोजणी अमेरिकेत झाली आहे. एवढी अचूक शिकार वाघालाही जमत नाही, हे नवेगावच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको. त्याच्या खाण्यात डास असतात, चिलटे असतात, आणि धानाच्या बांधीवरून उडणारे तुडतुडे आणि खोडकिड्याचे पतंगही असतात.

ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी तलावावर गेलात तर एक मौज दिसेल. चतुर काडीच्या टोकावर शीर्षासन केल्यासारखा, शेपटी थेट सूर्याकडे रोखून बसलेला असतो. सूर्य डोक्यावर असताना शेपटी सरळ उभी केली की अंगावर कमीत कमी ऊन पडते. आपण दुपट्टा बांधतो, तो असा उभा राहतो.

मादी पाण्यावर आली की नर तिला धरतो आणि दोघे मिळून चाकासारखे दिसतात. त्यानंतर ती अंडी घालत असताना नर तिच्यावर घिरट्या घालत राखण करतो. पण मादीला पाणी ओळखू येते कसे, हा प्रश्न आपल्या कामाचा आहे. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश एका विशिष्ट तऱ्हेने, आडव्या दिशेने ध्रुवित झालेला असतो, आणि चतुराच्या डोळ्यांना तो कळतो. काळे, गुळगुळीत, चकाकणारे कोणतेही पृष्ठ तसाच प्रकाश फेकते. म्हणून काळ्या प्लास्टिकवर, घासून गुळगुळीत केलेल्या काळ्या दगडावर आणि मोटारीच्या टपावर चतुर पाणी समजून उतरतात, आणि अशा पृष्ठांवर माद्या अंडी घालायला आल्याच्या नोंदी युरोपातील अभ्यासकांनी केल्या आहेत. गेल्या वर्षी एका शेततळ्यासाठी काळे प्लास्टिकचे अस्तर अंथरून ठेवले होते आणि पाणी भरायला महिना लागला. त्या कोरड्या अस्तरावर शेपट्या आपटणाऱ्या माद्या मी पाहिल्या. तेथे वाळून गेलेली अंडी किती, हे मोजायची सोय नव्हती. शेततळ्यात पाणी भरल्यावरही तेथे चिखल नाही, काडी नाही, लपायला मूळ नाही. म्हणून शेततळी वाढली तरी गावतलावाची गरज भागत नाही.

पिचिंगचेही तसेच आहे, जरा निराळ्या तऱ्हेने. अळी दगडावर चढत नाही असे नव्हे. घाटाच्या पायरीवर आणि एकदा तर पंपघराच्या भिंतीवर तिची कात मला मिळाली आहे. परंतु उताराच्या सिमेंटवर ती उघडी पडते, आणि पंख भरेपर्यंतच्या त्या तास-दोन तासांत तिला उडता येत नाही, पळता येत नाही. मुंग्या, साळुंक्या आणि बेडूक यांना ती आयती मिळते. त्याहून मोठे नुकसान पाण्याच्या आत होते. उथळ काठावर हळूहळू खोल होत जाणारा जो चिखलाचा उतार असतो, त्यावर देवधान, लव्हाळा आणि पाण्याखालचे गवत रुजते आणि त्याच गवतात अळ्या वाढतात. दगड बसले की तो उतार जातो, आणि मग वरच्या काडीचा प्रश्नच उरत नाही, कारण चढायला कोणी शिल्लक राहत नाही.

मच्छीमार संस्थेच्या भावांची एक तक्रार खरी आहे आणि ती मी टाळणार नाही. चतुराची अळी मत्स्यजिरेही, म्हणजे माशांची नुकती जन्मलेली पिल्लेही, खाते. संवर्धन तळ्यात जिरे सोडण्याआधी साबण आणि तेलाचे मिश्रण मारून पाणकिडे मारतात, ते याचसाठी, आणि त्या लहान तळ्यापुरते ते योग्यच आहे. पण मोठ्या तलावात थेट जिरे सोडणे तसेही तोट्याचे असते. चतुर नसला तरी मरळ आहे, बगळे आहेत, पाणकोंबड्या आहेत. धोबीघाटामागची बोडी, म्हणजे ते लहान तळे, संस्थेने संवर्धनासाठी वापरावी, तेथे जिरे वाढवून बोटभर लांबीची बोटुकली झाल्यावर मग तलावात सोडावी, असे संस्थेतल्याच जुन्या माणसांचे म्हणणे मी ऐकले आहे. बोटुकलीला चतुराच्या अळीची भीती उरत नाही. पुढे मासाच अळीला खातो. शिवाय ज्या काठच्या गवतात चतुर वाढतो त्याच गवतात गावरान मासे अंडी घालतात, हे ढिवर समाजातल्या माणसाला मी शिकवण्याची गरज नाही.

ऑइलविषयी थोडे. मागील वर्षी श्रावणात कोणीतरी सद्भावनेने गॅरेजमधले जळके ऑइल आणून पश्चिम काठाने ओतले. डासाची अळी श्वास घ्यायला पाण्याच्या पृष्ठावर येते, म्हणून ऑइलचा थर तिला मारतो; साचलेल्या बंद डबक्यात या उपायाला काही अर्थ आहे. आपल्या तलावावर वारा वाहतो. दुसऱ्या दिवशी तो थर फाटून निम्मा धोबीघाटाला लागला, धुणी काळी झाली आणि उरलेला काठच्या गवताला चिकटून बसला. तीन-चार दिवस म्हशींनी तेथे पाणी पिण्यास तोंड लावले नाही. पंखांना ऑइल लागून पाण्यावर पसरलेले चतुर मी स्वतः काठीने बाहेर काढले. त्यांपैकी एकही उडाला नाही. त्या भाद्रपदात पहाटे फिरूनही आमच्या टोपलीत काती नेहमीच्या चौथाईनेही आल्या नाहीत. यात मला कोणाला दोष द्यायचा नाही, कारण ते करणाऱ्याच्या घरात त्याच आठवड्यात तापाचा रुग्ण होता आणि ती रक्तपट्टी मीच तपासली होती.

आपल्या पूर्व विदर्भात असे जुने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या काळातले, तलाव साडेसहा हजारांहून अधिक आहेत. कोहळी समाजातल्या जाणत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या या तलावांत एका अंगाला पाळ असते आणि बाकीच्या अंगांनी जमीन सपाट चढत जाते, म्हणजे उथळ काठ ही बांधकामातली उणीव नसून रचनेचाच भाग आहे. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तलाव सरकारजमा झाले, देखभाल कोणी करायची यावरून नंतर बरेच पाणी वाहून गेले. त्या इतिहासात मी शिरत नाही. पाळीला दगड लावणे योग्यच आहे, कारण लाटांचा मार तिला बसतो. पाण्याचा येवा ज्या बाजूने आहे तेथे दगड लावून काय वाचणार, हे अंदाजपत्रक करणाऱ्यांना ग्रामसभेत जरूर विचारावे.

म्हणून ठरावात पुढील बदल व्हावा अशी माझी विनंती आहे. पिचिंग पाळीपुरते आणि घाटापुरते करावे आणि पश्चिम काठ वगळावा. त्यातून वाचलेल्या रकमेत सांडव्याची दुरुस्ती होईल. त्या काठावर माजलेली बेशरमीची झुडपे मुळासकट काढावी, त्यांचा मला काही उपयोग दिसत नाही, आणि ती काढायच्या श्रमदानाला मी स्वतः येईन. देवधान, लव्हाळा आणि कमळ मात्र राहू द्यावे. गाळ एकाच उन्हाळ्यात सगळा न उपसता यंदा पाळीकडचा आणि पुढच्या वर्षी उरलेला काढावा, म्हणजे तळातल्या अळ्यांना आणि माशांना अर्धे पाणी शिल्लक राहील. डासनाशकाची तरतूद तलावाऐवजी नाल्यांसाठी आणि घरोघरच्या टाक्या तपासण्यासाठी वापरावी; आशाताईंबरोबर घरे फिरायला रविवारी मी मोकळा असतो.

मतदानाआधी हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर पोळा झाल्यापासून कोजागरीपर्यंत उघडीप असलेल्या कोणत्याही दिवशी पहाटे साडेचारला शाळेच्या कुंपणाजवळ यावे. सरपंचताईंनी यावे अशी माझी विशेष इच्छा आहे. बॅटरी माझ्याकडे आहे, काठावर चिखल घोट्यापर्यंत असतो म्हणून चपला कुंपणालाच काढाव्या लागतील, आणि काडी हलवायची नाही ही एक अट माझ्या पुतणीने घातली आहे.

आपला नम्र,
पश्चिम काठाजवळ राहणारा एक गावकरी